तिसरा अल्बम संथ कसा झाला

छापखान्यात ताईंचं टेबल खिडकीजवळ होतं आणि त्या टेबलावर त्यांना संतापायची बंदी होती. लेखी नव्हे, पण मालकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "ताई, आपण काने-मात्रे बघायचे. लिहिणाऱ्याला अक्कल शिकवायची नाही." वीस वर्षं ताईंनी हे पाळलं. एका गृहस्थांच्या आत्मचरित्रात ते दोन वेगवेगळ्या वर्षी जन्मले होते, तेव्हाही ताईंनी समासात एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. जगभरचा मूर्खपणा मन लावून वाचायचा आणि त्यातलं शुद्धलेखन तेवढं सुधारायचं, अशी ही नोकरी. ताईंचा स्वभाव मुळात तिखट. दिवसभर त्या जीभ आवरायच्या आणि संध्याकाळी घरी जाऊन भांड्यांवर राग काढायच्या.

त्या मंगळवारी मात्र त्यांनी लाल पेन टेबलावर असं आपटलं, की पलीकडचा बाइंडर खुर्चीतून उठला.

समोर चाळीस पानी पुस्तिकेची प्रुफं होती. या शहरात तीस वर्षांपूर्वी एक रॉक बँड होता. त्याने पाच अल्बम काढले, मग तो मोडला. पण चाहत्यांचं मंडळ काही मोडलं नाही. ते आता पाचही अल्बम एका पेटीत नव्याने काढणार होतं आणि पेटीसोबत ही पुस्तिका जाणार होती. तिच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं: "तिसऱ्या अल्बमच्या वेळी ड्रमरचा हात जड पडला. तो मागे रेंगाळत राहिला आणि त्याला सांभाळून घेता घेता बँडला आपली चाल बदलावी लागली. कधीकधी आळसातूनही थोर कला जन्माला येते."

हा आळशी ड्रमर म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ.

"आळस?" ताई मोठ्याने म्हणाल्या. "ज्याने सहा महिने सोफ्याच्या हातावर लाकडी चमचे बडवून बडवून माझं डोकं उठवलं, तो आळशी?" बाइंडरला काही कळलं नाही. तो सहानुभूतीने मान हलवून पुन्हा खाली बसला.

ताईंनी पुस्तिका परत पहिल्या पानापासून वाचली. लिहिणारे होते मंडळाचे अध्यक्ष, धंद्याने दाताचे डॉक्टर. पहिले दोन अल्बम वेगवान, पाय एका जागी ठरू न देणारे. तिसरा एकदम संथ, खोल, जड. चौथा आणि पाचवा त्याच वाटेने गेलेले. हा बदल कशामुळे झाला यावर मंडळात पंचवीस वर्षं हातघाई चालली होती, आणि ती सगळी पुस्तिकेत उतरली होती. डॉक्टरांचं मत, बँड वयात आला. दुसऱ्या पक्षाच्या पुढारी होत्या शाळेत भूमिती शिकवणाऱ्या एक बाई. त्यांचं मत, बँड बिघडला. डॉक्टर म्हणत, गिटारवाल्याने जाणूनबुजून तारा सैल केल्या. बाई म्हणत, जाणूनबुजून कसल्या, त्याला कोणीतरी फूस लावली. गायकाचा आवाज तिसऱ्या अल्बमला भारदस्त झाला, त्यावर सहा पानं कौतुक. एकाच गोष्टीवर दोन्ही पक्षांचं गळ्यात गळा घालून एकमत होतं. ड्रमर रेंगाळला.

ताईंना सगळ्यात झोंबलं ते हे. आवाज भारदस्त झाला तर ते गायकाचं कर्तृत्व, सूर उतरला तर ती गिटारवाल्याची प्रतिभा, आणि ताल मंदावला तर तो ड्रमरचा गुन्हा! अरे, तिन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच कारणाने झाल्या. आणि ते कारण होतं बोटाच्या पेराएवढं एक रबरी चाक.

हे खरं कारण जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातले एक, कॅसेट कंपनीचे सुपरवायझर, केव्हाच वारले होते. दुसऱ्या ताई.

छापखान्यात येण्यापूर्वी ताई कॅसेट बनवणाऱ्या कंपनीत होत्या. बँडने रेकॉर्ड केलेली मोठी स्पूल तिथे यायची. ती मशीनवर लावून तिच्यावरून एक मास्टर टेप काढायची आणि मग त्या मास्टरवरून हजारो कॅसेटी निघायच्या. मूळ स्पूल लगेच पुसून दुसऱ्या कामाला घ्यायची, असा तिथला काटकसरी खाक्या. म्हणजे मास्टर टेपमध्ये जे होईल ते कायमचं, मागे फिरायला वाट नाही. ती टेप काढायचं काम ताईंचं. कानांवर हेडफोन लावून त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि कुठे खरखर आली की वहीत नोंद करायच्या. हेडफोन काढल्यावरही घरी परतताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल असायच्या.

तिसऱ्या अल्बमची स्पूल आली त्या दिवशी ती वाजवणाऱ्या मशीनमधलं टेप ओढणारं चाक झिजून गुळगुळीत झालेलं होतं. टेप त्याच्यावरून घसरत होती, म्हणून हळू सरकत होती. फार नाही, जराशीच. पण टेप हळू चालली की ताल मंदावतो आणि सगळे आवाजही खाली उतरतात. गाणाऱ्याचा गळा जाड होतो, गिटार घोगरी होते. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. ताईंना पहिल्याच गाण्यात कळलं, कारण ती गाणी लाकडी चमच्यांवर सहा महिने त्यांच्या उशापायथ्याशी वाजली होती.

ताई सुपरवायझरकडे गेल्या. "साहेब, मशीन हळू चाललंय. चाक बदलायला हवं."

"चाक यायला आठ दिवस लागतील," साहेब म्हणाले. "माल उद्या दुपारी बाहेर पडायचाय. ऐकणाऱ्यांना काय कळतंय? तुझेच कान जास्त शहाणे आहेत." आणि मग, कागदावरून नजर न काढता, "तुला कायम करायचं पुढच्या महिन्यात आहे ना?"

वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. ताई परत मशीनपाशी गेल्या आणि उरलेली गाणी संपेपर्यंत बसल्या. वहीत त्यांनी नोंद केली, 'ठीक'.

पुढचं सगळं त्या एका शब्दावर रचलं गेलं. कॅसेट बाजारात आली. गायकाने ती ऐकली आणि स्वतःच्या आवाजावर इतका खूश झाला, की आरशासमोर बोलतानाही तो घसा खाली दाबू लागला. गिटारवाल्याला वाटलं, त्या दिवशी आपल्या तारा सैल लागल्या असाव्यात. पण लोक वाहवा करताहेत म्हटल्यावर पुढच्या अल्बमला त्याने त्या खरोखरच सैल केल्या. उरला ड्रमर. एका परीक्षणात छापून आलं, 'ड्रमर झोपेत वाजवतो'. सहा महिन्यांत गायकाने त्याला घरी पाठवलं. नवा ड्रमर आला, त्याला तिसरा अल्बम ऐकवून सांगण्यात आलं, असंच संथ वाजव. डॉक्टरांनी ज्याला 'बँडचा प्रवास' म्हणून तीन प्रकरणं बहाल केली होती, तो एवढाच होता.

आणि भाऊ? भाऊ घरी आला आणि एकटा बसून वाजवू लागला. ठोके मोजायचं छोटं यंत्र त्याने उसनं आणलं. एकटा असताना हात बिनचूक चालायचा, केसभरही मागे नाही. कॅसेट लावली की स्वतःचाच हात मागे पडलेला ऐकू यायचा. पंधरा दिवस त्याने हा ताळा करून पाहिला आणि त्यातून स्वतःपुरता एक निकाल लावला. माझा हात एकांतात बरोबर चालतो, लोकांसमोर गळपटतो. त्याने ड्रम विकून टाकले आणि फरशी बसवायचं काम शिकला. तेव्हापासून चार माणसांसमोर काही करायची वेळ आली की तो मागच्या दाराने निघून जायचा. कोणी बघत असेल तर फरशीसुद्धा लावायचा नाही. घरमालकाला म्हणायचा, तुम्ही बाहेर जाऊन या, मग बघा.

ताई सांगणार होत्या. नोकरी कायम झाली की सांगू, म्हणाल्या. मग वडील गेले. मग कंपनीच बंद पडली आणि ताईंची सबबही तिच्याबरोबर संपली, पण तोपर्यंत आठ वर्षं गेली होती. आठ वर्षांनी असलं काही सांगायला तोंड उघडत नाही. मग वीस झाली. आता अठ्ठावीस.

ताईंनी प्रुफं उचलली आणि मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. "एकोणिसाव्या पानावरचं वाक्य खोटं आहे. ते काढायला हवं."

"व्याकरणाची चूक आहे का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय त्याचं?" मालक म्हणाले. ते वाईट नव्हते, फक्त घाईत होते. "सोमवारी सकाळी मशीनवर चढतंय. काढायचं तर लिहिणाऱ्यांनी काढावं. त्यांची रविवारी बैठक असते, दवाखान्यात. जाऊन भांडा."

भांडा म्हटल्यावर ताईंना बरं वाटलं. त्या रविवारपर्यंत मनातल्या मनात भांडतच होत्या. डॉक्टरांना त्यांनी चार वेळा निरुत्तर केलं, भूमितीच्या बाईंना दोन वेळा रडवलं, गायकाला तर पार लोळवलं. मात्र या सगळ्या भांडणांत 'मशीन कोण चालवत होतं' हा प्रश्न आला की त्या घाईघाईने दुसरीकडे वळायच्या.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी पेशंट गाल धरून बसायचे, तिथे रविवारी सकाळी मंडळ बसत असे. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र आणि त्याच्या शेजारी बँडचा फोटो. ताईंनी त्यात भावाला शोधलं. तो डावीकडे अर्धा कापला गेला होता.

"आपण छापखान्यातून आलात?" डॉक्टर अदबीने उठले. "काही शुद्धलेखन?"

"शुद्धलेखन तुमचं चांगलं आहे," ताई म्हणाल्या. "बाकी सगळं चुकलंय. ड्रमर रेंगाळला नव्हता. टेप हळू चालली होती."

खोलीतली दहा-बारा माणसं हसली. दुष्टपणाने नव्हे, अशा नव्या उपपत्ती दर वर्षी एखाददुसरी यायची. भूमितीच्या बाईंनी चष्मा वर केला. "हे मागे एकदा आलं होतं. पुरावा काही नव्हता."

"आणि ते अपमानास्पद आहे," डॉक्टर म्हणाले. "एवढा जड, एवढा सखोल आवाज, तो काय अपघाताने येतो? ऐका तुम्ही." त्यांनी तिसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं लावलं. नुसता गायक आणि एक गिटार, आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत मागे कुठेतरी टिक, टिक, टिक. "रेकॉर्डिंग एका शाळेच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी झालं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आत आला आणि त्यांनी तो मुद्दाम राहू दिला. का? तर काळाचं भान! यावर मी दोन पानं लिहिली आहेत."

ताईंनी ती दोन पानं वाचली होती, त्यातले तीन अनुस्वारही दुरुस्त केले होते. पण ते गाणं त्यांनी अठ्ठावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आत्ता ती टिकटिक कानांवर पडली आणि त्या ताडकन उठल्या.

"बाई, तुमच्या मनगटावर घड्याळ आहे ना? सेकंदकाटा आहे? बघा त्यात. डॉक्टर, गाणं पुन्हा लावा. आता सगळे मोजा. साठ टिक, म्हणजे बरोबर एक मिनिट व्हायला हवं."

शिक्षिकेला मोजायला सांगितलं की ती मोजते. बाईंनी बोटाने गुडघ्यावर ठोके धरले, त्यांचं पाहून बाकीच्यांनीही धरले. साठावी टिक आली तेव्हा बाई मनगटाकडे बघत राहिल्या. "चौसष्ट सेकंद," त्या म्हणाल्या. "परत लावा." पुन्हा चौसष्ट.

"घड्याळ बिघडलेलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"शाळेचं?" भूमितीच्या बाईच उसळल्या. "तासाला चार मिनिटं मागे पडणारं घड्याळ? एका दिवसात शाळा अर्धा तास उशिरा सुटली असती. पोरांनी चालू दिलं असतं का? पहिल्याच दिवशी पोरांनी बोंब ठोकली असती!"

"मग आता सांगा," ताईंचा आवाज चढला. "माझा भाऊ रेंगाळला, ठीक आहे. तो आळशी, झोपेत वाजवणारा. पण भिंतीवरचं घड्याळ कोणाला सांभाळून घेत होतं? त्याचाही हात जड पडला का? आणि या शेवटच्या गाण्यात तर ड्रमच नाहीत! पंचवीस वर्षं तुम्ही हे गाणं ऐकता, एका एका टिकेचे अर्थ काढता, आणि ती मोजावी असं एकाच्याही मनात आलं नाही? एका माणसाला आळशी ठरवायला मात्र अख्खं मंडळ एका पायावर तयार!"

डॉक्टर हळूच म्हणाले, "पण मग... ही टेप काढली कोणी?"

बोटाच्या पेराएवढ्या चाकाचं नाव घेऊन इथून निघून जाता आलं असतं. सुपरवायझरचं नाव घेऊन तर आणखी सहज. मेलेला माणूस काही नाकारायला येत नाही.

"मी," ताई म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. मी वहीत 'ठीक' लिहिलं."

त्यांना वाटलं, आता हे लोक आपल्यावर तुटून पडतील. तुटून पडावं, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. पण डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढे होऊन ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. "म्हणजे तो आवाज तुम्ही घडवलात! तिसऱ्या अल्बमच्या खऱ्या जनक तुम्ही! अहो, तुमची मुलाखत हवी पुस्तिकेत, फोटोसह!" तेवढ्यात कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं, मग नव्या पेटीत तिसरा अल्बम खऱ्या वेगाने घालायचा की आहे तसाच? आणि दोन मिनिटांत पुन्हा दोन तट पडले. डॉक्टर म्हणाले, प्राण गेला तरी वेग वाढवू देणार नाही, तो संथपणाच आमचा देव. बाई म्हणाल्या, खऱ्याच वेगाने घाला, मी आधीपासून सांगत होते, काहीतरी बिघडलंय. टिकटिक पुन्हा पुन्हा वाजू लागली. ड्रमरचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं.

ताईंनी पेशंटांसाठी ठेवलेली स्टीलचा ट्रे उचलून टेबलावर हाणला.

"आधी ते वाक्य काढा! तुमचा प्राण मागाहून जाऊ दे. एक माणूस अठ्ठावीस वर्षं मान खाली घालून जगला, आणि तुम्हाला फोटो सुचतोय? जनक म्हणे! मी गप्प बसले, एवढंच मी केलं. ह्याला तुमच्यात कला म्हणतात का?"

डॉक्टर खजील झाले. बाईंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. एकोणिसाव्या पानावरची तिन्ही वाक्यं खोडली गेली आणि त्या जागी ताईंनी सांगितलं तेच शब्दशः लिहिलं गेलं. मशीनचं चाक झिजलं होतं. टेप काढणाऱ्या बाईला ते कळलं होतं आणि ती गप्प राहिली. ड्रमरचा ताल बरोबर होता.

तो कागद घेऊन ताई तशाच निघाल्या. भाऊ त्या आठवड्यात एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराची फरशी करत होता. रविवारीही करत होता, कारण रविवारी तिथे बघायला कोणी नसे. गुडघ्यांना रबरी पट्टे बांधून तो ओणवा बसला होता आणि बसवलेली एकेक फरशी हातोडीच्या दांड्याने वाजवून खाली पोकळ आहे का ते ऐकत होता. ताईंना पाहून थांबला. "तू इथे कशी?"

ताई उंबऱ्यापाशी एका कडेच्या फरशीवर बसल्या आणि बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं. चाक, साहेब, वही, दवाखाना, घड्याळ. मध्ये थांबल्या असत्या तर पुढे बोलता आलं नसतं. मग कागद त्याच्यापुढे धरला. त्याने सिमेंटचा हात पँटला पुसला, कागद घेतला आणि दोनदा वाचला.

"म्हणजे मी बरोबर वाजवत होतो."

"बरोबर. एकही ठोका मागे नव्हता."

"आणि तुला हे कॅसेट बाजारात येण्याआधीच माहीत होतं."

"हो."

त्याने हातोडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बँडमधून काढलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात येऊन तुला विचारलं होतं, ताई. मी खरंच हळू वाजवतो का गं, म्हणून. आठवतं का तुला, तू काय म्हणालीस?"

ताईंना आठवत होतं. एवढ्या सगळ्या भांडणांत त्यांनी तेवढंच कोणाला सांगितलं नव्हतं.

"जेवून घे, म्हणाले."

"मी जेवलो पण," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी ह्या हातांवर चिडून राहिलो. पोरीच्या शाळेत बापाला स्टेजवर बोलावलं, मी ताप आलाय म्हणून घरी झोपलो. हातांचा काही दोषच नव्हता. आता मला थोडे दिवस तुझ्यावर चिडू दे."

"चीड," ताई म्हणाल्या. "लागतील तितके दिवस चीड."

त्याने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि हातोडी उचलली. "तिथून ऊठ. ती फरशी अजून ओली आहे."

ताई उठून दारात उभ्या राहिल्या. तो पुन्हा ओणवा झाला आणि पुढची फरशी लावायला घेतली. बाहेर जा, असं तो म्हणाला नाही.